सुट्टी मे महिन्यात, अर्ज मात्र हिवाळ्यात

मे महिना आला की महाड-पोलादपूरच्या गावांत मुंबईचे चाकरमानी येतात, आंबे-फणस उतरतात, घरोघरी लग्ने असतात. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हीच सुट्टी संशोधनाची पहिली पायरी ठरू शकते, हे मात्र फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करतो. त्यासाठी त्याला विद्यावेतन मिळते व प्रवासखर्चालाही साहाय्य होते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बोलावते.

आपली मुले मागे पडतात ती बहुधा बुद्धीमुळे नव्हे, तर वेळेमुळे. काम उन्हाळ्यात असले तरी अकादमींच्या अर्जाची मुदत सर्वसाधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीस संपते. गुणपत्रिका, प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि 'मला काय करावयाचे आहे' याविषयीचे निवेदन तोवर सिद्ध हवे. म्हणून दिवाळीपूर्वीच प्राध्यापकांना भेटावे व त्या वर्षीच्या पात्रतेच्या अटी पाहून घ्याव्यात.

निवेदनात पाठ्यपुस्तकातील वाक्ये उतरवू नयेत. सावित्री नदीतील मगरी आणि रायगडच्या डोंगरांतील गिधाडे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गिधाडांचा जीव घेते, हे २००४ साली संशोधनातून सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. गिधाडे कमी का झाली, हा प्रश्न गावकऱ्यालाही पडतो. असा स्वतः पाहिलेला एक प्रश्न निवेदनात प्रामाणिकपणे मांडावा.

विज्ञानामुळे मूल श्रद्धेपासून दुरावेल, अशी भीती काहींना वाटते. त्यांनी फादर सांतापाव यांचे स्मरण करावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील या येशूसंघीय धर्मगुरूंनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे नेतृत्व केले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. निर्मितीचा अभ्यास ही निर्मात्याची स्तुतीच आहे.

खरी अडचण घरात असते. दोन महिने हाताशी असलेले मूल दूर पाठवायचे, त्यातही मुलगी असेल तर मन कचरते. राहण्याची व्यवस्था काय, मार्गदर्शक कोण, हे पालकांनी अवश्य विचारावे. मात्र उत्तर समाधानकारक असेल तर तिला अडवू नये. परमेश्वराने दिलेले दान जमिनीत पुरून ठेवण्यासाठी नसते, हे आपण दरवर्षी शुभवर्तमानात ऐकतोच.