दुरुस्ती मेळावे (रिपेअर कॅफे)

नादुरुस्त वस्तू स्वयंसेवी जाणकारांच्या मदतीने विनामूल्य दुरुस्त करून घेण्याचे नागरी मेळावे. मार्टिने पोस्टमा या डच पत्रकार स्त्रीने पहिला मेळावा २००९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भरविला. पुढे अनेक देशांत त्यांचे जाळे पसरले. वस्तूचा मालक जाणकाराशेजारी बसून काम पाहतो व जमेल तेथे स्वतःही करतो. वस्तू फेकण्याची सवय मोडावी, हा मूळ हेतू. मात्र चिकटवून बंद केलेली उपकरणे आणि न मिळणारे सुटे भाग यांपुढे कौशल्यही थिटे पडते. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशाने काही वस्तूंच्या दुरुस्तीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बंगळूर येथे असे मेळावे २०१५ मध्ये सुरू झाले. भारतीय शहरांत हेच काम पदपथावरील कारागीर पूर्वापार अल्प मोबदल्यात करीत आले असल्याने विनामूल्य सेवा त्यांच्या पोटावर येऊ शकते.