मोटारसायकलच्या इंजिनातील रबरी सील व त्यांचे वंगण

प्रस्तुत टिपणाचा विषय लहान आहे. मोटारसायकलचे इंजिन उघडून पुनः जोडताना फिरत्या दांड्यांभोवती जी रबरी कडी, कारागिरांच्या भाषेत ऑइल सील, बसवावी लागतात, त्यांना बसविण्यापूर्वी तेल का लावावे व कोणते लावावे, एवढाच तो आहे. परंतु वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी शेत, बाजार आणि संत्र्याची बाग यांतील येरझारा या वाहनावर अवलंबून असतात. तेथे अल्प किमतीचे एक सील गळू लागले, तर ऐन हंगामात पुष्कळदा अख्खे इंजिन पुनः उघडावे लागते.

सीलचा ओठ दांड्यावर घट्ट दाबला जातो म्हणून तेल अडते, ही समजूत अर्धीच खरी आहे. ओठाभोवती वर्तुळाकार स्प्रिंग असून ती दाब कायम ठेवते, हे खरे. तथापि दांडा फिरू लागला की ओठ व पोलाद यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या आसपास जाडीचा तैलपट निर्माण होतो आणि ओठ त्या पटावर तरंगतो. ओठाचा तेलाकडील उतार तीव्र व हवेकडील उतार सौम्य ठेवलेला असतो. त्यामुळे संपर्करेषेवरील रबराचे सूक्ष्म उंचवटे फिरण्याच्या दिशेने असमान ताणले जातात आणि बाहेर निसटू पाहणारे तेल पुनः आत ढकलतात. चालत्या इंजिनातील सीलला सूक्ष्म पंप म्हणणेच युक्त होय.

कोरड्या सीलची हानी यावरून उलगडते. २० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटास ६००० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग ओठाखालून सेकंदास सुमारे ६.३ मीटर वेगाने सरकतो. कोरड्या रबराचा पोलादावरील घर्षणांक एकाहूनही अधिक असू शकतो. आतील तेल ओठापर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या अल्पावधीत संपर्करेषा तापते, उंचवटे घासून गुळगुळीत व कठीण होतात, आणि पंपाची क्रिया मंदावते. पुढे तेल कितीही मिळाले तरी झिजलेला पृष्ठभाग पूर्ववत होत नाही. गॅरेजमध्ये सुटे भाग पेट्रोलने धुऊन, पुसून, तसेच चढविण्याची रीत सर्वत्र आढळते; स्वच्छता म्हणून ती स्तुत्य असली तरी दांड्यावरील उरलासुरला तैलांशही ती घालविते.

दोन-फेरी इंजिनात ही हानी निराळ्या रूपाने प्रकट होते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणलेली लुना किंवा ग्रामीण भागात दीर्घकाळ चाललेली राजदूत यांच्या क्रँकपेटीत पेट्रोलमिश्रित हवा भरली व दाबली जाते. तेथील सील निकामी झाले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, सिलिंडर अतितप्त होतो आणि दट्ट्या जखडण्यापर्यंत पाळी येते. जमिनीवर तेलाचा डाग पडत नसल्याने दोष सीलचा आहे हे लवकर ध्यानात येत नाही.

आता वंगण कोणते? नियम सोपा आहे: जो द्रव सीलने अडवावयाचा, त्यानेच ते भिजवावे. चार-फेरी इंजिनात इंजिन-ऑइल, दोन-फेरीत दोन-फेरीचे तेल. कारण रसायनाचे आहे. ज्याचे रेणू रबराच्या रेणूंशी सजातीय, तो द्रव रबरात शिरून त्याला फुगवितो. इंजिनातील सील बहुधा नायट्राइल रबराचे असते. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या या रबराचे रेणू ध्रुवीय असल्याने अध्रुवीय खनिज तेलाला ते दाद देत नाही. डिस्क ब्रेकमधील रबर मात्र सामान्यतः ईपीडीएम जातीचे, म्हणजे अध्रुवीय असते. इंजिनाच्या सीलला चालणारे ग्रीस त्याला लागले, तर ते फुगते, ब्रेकचा दट्ट्या अडकतो, आणि येथे प्रश्न तेलगळतीचा न राहता जिवाचा होतो. दोन्ही कामांना ग्रीसचा एकच डबा वापरणे म्हणूनच वर्ज्य समजावे.

प्रमाणाविषयी थोडे. ओठावर व दांड्यावर बोटाने पातळ थर पुरे. सील ठोकून बसविताना स्प्रिंग उडू नये म्हणून तिच्या खाचेत किंचित ग्रीस भरावे. धूळ अडविणारा दुसरा ओठ असल्यास दोहोंमधील पोकळी सुमारे एकतृतीयांश ग्रीसने भरावी; काळ्या जमिनीतील वाटांची बारीक धूळ पाहता आष्टीच्या परिसरात हे टाळू नये. परंतु जेथे क्लच तेलात बुडालेला असतो, तेथे मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस मुक्तहस्ते लावणे इष्ट नाही, कारण ते तेलात मिसळल्यास क्लच घसरू शकतो. सीलचा बाह्य परीघ धातूचा असेल तर तो कोरडाच ठेवावा.

उष्णतेचा विचार विदर्भात विशेष आवश्यक आहे. येथील मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि हवेने थंड होणारे इंजिन भोवतालच्या तापमानाच्या वरच चढत असते. नायट्राइल रबर दीर्घकाळ सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंतच टिकाव धरते. त्यापुढे ते कठीण होऊन त्याला भेगा पडतात. अशा कठीण झालेल्या ओठाला तेल लावून काहीच साधत नाही. ते सील बदलावेच लागते.