दहा मृत्यूंची अट

भारतातील एकंदर रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्क्यांचा. परंतु २०२२ साली देशातील रस्त्यांवर जे १,६८,४९१ जीव गेले, त्यांपैकी छत्तीस टक्क्यांहून अधिक या दोन टक्क्यांवर गेले. महामार्गांची लांबी मात्र दीड लाख किलोमीटरांच्या घरात आहे, आणि अक्षय्य खजिना कोणत्याही सरकारपाशी नसतो; तेव्हा दुरुस्तीचा पहिला पैसा कोठे पडावा, हे ठरविण्यास काही एक गज लागतोच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा गज असा : महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरांच्या ज्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापत घडविणारे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसे दगावली, तो पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’. यादीत नाव चढले की फलक, रंगपट्टे, कठडे अशी अल्प खर्चाची तजवीज प्रथम होते. भुयारी मार्ग, उड्डाणपूल, वळणाची नवी आखणी ही कायमची कामे अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा आणि भूसंपादन यांच्या लांब वाटेने मागाहून येतात.

पुण्याच्या नवले पुलाचे उदाहरण मराठी वाचकाला सांगावे लागू नये. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडताच लागणारा प्रदीर्घ उतार, त्यावर इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची काही मालट्रकचालकांची सवय, आणि पायथ्याशी शहराची गजबजलेली वाहतूक, असा तिहेरी योग तेथे जुळलेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मालट्रकने उडविलेल्या हाहाकारात अनेक वाहनांची नासधूस झाली. अशा स्थळी वेगमर्यादा कमी करणे व कॅमेरे बसविणे इष्टच. परंतु उताराचा दोष फलकाने नाहीसा होत नाही.

शिवाय या गजाचा आधार पोलिसांची नोंद. फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ हे ठरीव वाक्य उमटले की दोष चालकाच्या माथी बसतो आणि रस्ता निर्दोष सुटतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष आखणी वा बांधणीबद्दल कंत्राटदार व संबंधित अधिकाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली खरी. कोट्यवधींच्या ठेक्यांपुढे ती रक्कम किती, हे मी सांगावयास नको.

आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. एखाद्या ठिकाणी तीन वर्षे निव्वळ दुर्दैवाने अपघातांची भर पडली, तर काहीही न करता पुढे तो आकडा उतरू शकतो, आणि श्रेय मात्र नव्या रंगपट्ट्यांना मिळते. उलटपक्षी, चाळीस किलोमीटरांवर विखुरलेले मृत्यू कोणत्याच पट्ट्यात अट पुरी करीत नाहीत. गजाचा खरा दोष हाच, की तो मृत्यू मोजून मग जागा होतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय रस्ते मूल्यमापन कार्यक्रमाची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते : तीत अपघाताची वाट न पाहता रस्त्याची दर शंभर मीटरांवर पाहणी होते, आणि मोटारीतील प्रवासी, दुचाकीस्वार, सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी एक ते पाच असे वेगवेगळे तारे दिले जातात. मोटारीला चार तारे देणारा चौपदरी मार्ग, एस.टी.तून उतरून पलीकडच्या गावी जाणाऱ्या बाईसाठी एकाच ताऱ्याचा ठरू शकतो. दुरुस्तीची यादी कोणाच्या ताऱ्यांवरून लावावयाची, हे खात्याला आधी ठरवावे लागते.