उकाडा आणि कुत्र्याची धाप

उन्हाळ्याच्या तापाला मराठीत ‘ऊन’ आणि ‘उकाडा’ असे दोन निराळे शब्द आहेत. ऊन सावलीत टळते. उकाडा टळत नाही. पेण-रोह्याकडे कुत्रा पाळणाऱ्याने हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

२८ मार्च २०१७ रोजी कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा येथे ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. असा आकडा सर्वांस सावध करतो. परंतु त्याहून पुष्कळ कमी तापमानातही, हवा दमट असल्यास, कुत्रा दगावू शकतो. माणसाप्रमाणे त्याच्या सर्वांगास घाम सुटत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ व श्वसनमार्ग यांतील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने, देह निववितो. हवेतच बाष्प अधिक असले की हे बाष्पीभवन मंदावते आणि धाप निष्फळ ठरते. त्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांपलीकडे गेल्यास उष्माघात संभवतो.

म्हणून नुसती सावली पुरेशी नव्हे. पत्र्याखालची कोंदट जागा सावलीची असूनही घातकच होय. खेळती हवा व मुबलक पाणी हवे; फिरविणे पहाटेच व्हावे. कुत्रा लाळ गाळीत झोकांड्या खाऊ लागल्यास प्रथम त्याचे अंग गार पाण्याने भिजवून वारा घालावा आणि मग विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

मोदकही ‘उकडतात’ आणि जीवही ‘उकडतो’. कुत्र्याच्या बाबतीत हे क्रियापद जवळजवळ वाच्यार्थानेच खरे आहे.