माजावर आली म्हणजे तयार झाली?

सहा-सात महिन्यांची मांजर एके रात्री अचानक लांबलचक, घोगऱ्या आवाजात ओरडू लागते. फ्रीजच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला, घरातल्यांच्या पायांना अंग घासते, फरशीवर गडबडा लोळते. पाठीवर हात ठेवला की पुढचे पाय दुमडून छाती जमिनीला टेकवते, मागचा भाग उचलते, शेपूट एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी हलवत राहते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हिच्या पोटात दुखतंय किंवा कंबरेला मार लागलाय. डॉक्टर सांगतात, माजावर आलीये. आणि मग घरात चर्चा सुरू होते ती बोका कुठून आणायचा याची.

‘माजावर आली म्हणजे तयार झाली’ हा समज इतका पक्का आहे की त्यावर कुणी थांबून विचार करत नाही. माज आला याचा अर्थ तिला गर्भ राहू शकतो, एवढाच. काही मांजरी चौथ्या महिन्यातही माजावर येतात, बहुतेक सहाव्या ते नवव्या महिन्यात. सयामीसारख्या आखूड केसांच्या जाती लवकर, पर्शियन उशिरा. पर्शियनला कधी वर्ष-दीड वर्षही लागतं. सहाव्या महिन्यात मांजरीची हाडं वाढत असतात, कंबरही पुरेशी भरलेली नसते. तेव्हा गर्भ राहिला तर तिची स्वतःची वाढ आणि पोटातली तीन-चार पिल्लं, दोन्ही एकाच वाटीतल्या अन्नावर चालतात. अशा कोवळ्या आईची पिल्लं अडण्याची भीती जास्त. कधी पिल्लू बाहेर येतं, पण त्याच्याभोवतीची पिशवी चाटून फाडायची असते हे तिला उमगत नाही, आणि काही मिनिटांत पिल्लू गुदमरतं. म्हणून जबाबदार ब्रीडर निदान एक वर्ष थांबतात, बरेच जण दीड वर्ष, आणि मेन कूनसारख्या सावकाश वाढणाऱ्या मोठ्या जातीत त्याहूनही जास्त. कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले, त्यात मादीचं किमान वय १८ महिने ठरवलं आहे. ते नियम कुत्र्यांपुरते आहेत. मांजरीच्या बाबतीत हा निर्णय तिच्या माणसांच्या समजुतीवरच सोडलेला आहे, त्यामुळे ती समजूत बरोबर असलेली बरी.

वयाइतकंच वजन महत्त्वाचं. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. लठ्ठ मांजरही तयार नसते. तिला गर्भ राहायला आणि सुटका व्हायला, दोन्हींना त्रास होतो.

कुत्री पाळलेल्या घरांत आणखी एक समज असतो: रक्त दिसलं नाही, म्हणजे अजून माज नाही. मांजरीला माजात रक्तस्राव होत नाही. रक्त किंवा घाण वास येणारा स्राव दिसला तर ते दुखणं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. माज साधारण आठवडाभर टिकतो आणि बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. हे चक्र उजेडावर चालतं. युरोपात हिवाळ्यात दिवस आखडले की ते काही महिने थांबतं. आपल्याकडे मुंबईत सर्वांत छोटा दिवसही अकरा तासांचा, वर रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. त्यामुळे फ्लॅटमधल्या मांजरीला बारा महिने माज येऊ शकतो. ‘मांजरांचा हंगाम उन्हाळ्यात असतो’ या भरवशावर दिवाळीत बाल्कनी उघडी ठेवणारे फसतात ते यामुळेच.

‘तासभर बोक्याजवळ ठेवली, झालं काम’ हेही असंच. बहुतेक मांजरींत बीज आपोआप सुटत नाही. समागमाच्या उद्दीपनाने सुटतं, तेही साधारण एक-दोन दिवसांनी. एकच समागम बऱ्याचदा पुरत नाही, म्हणून जोडी दोन-तीन दिवस एकत्र ठेवतात. याची दुसरी बाजू पालक विसरतात. निवडलेल्या बोक्याकडून आणल्यावरही ती माजावर असू शकते. त्या रात्री खिडकीतून सटकली आणि गल्लीतला बोका भेटला, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. हे खरोखर घडतं. मेटिंगनंतरही आठ-दहा दिवस दारं-खिडक्या बंदच हव्यात.

आणि सख्खी भावंडं? ‘एकत्र वाढलीत, त्यांच्यात कसलं काय’ असं म्हणत लोक निर्धास्त असतात. मांजरांना नात्याची आडकाठी नसते. एका वेतातली नर-मादी पिल्लं ठेवली असतील, तर चौथ्या महिन्यापासूनच त्यांना वेगळं ठेवावं किंवा वेळेत ऑपरेशन करून घ्यावं.

सर्वांत जास्त नुकसान मात्र दुसऱ्याच एका वाक्याने होतं: ‘दोघं प्युअर पर्शियन आहेत, तब्येतीने छान आहेत, मग तपासण्या कशाला?’ पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्याला पीकेडी म्हणतात. आई-बापांपैकी एकाकडेही दोष असला, तरी प्रत्येक पिल्लाला तो येण्याची शक्यता निम्मी. गाठी जन्मापासून असतात, पण हळूहळू वाढतात. पाणी जास्त पिणं, वजन उतरणं, खाणं सुटणं अशी लक्षणं सरासरी सातव्या वर्षाच्या आसपास दिसतात. तोवर त्या देखण्या, तंदुरुस्त मांजरीची अनेक वेतं होऊन गेलेली असतात आणि तिची पिल्लं कुठकुठल्या घरी पोचलेली असतात. या आजारामागचा जनुकीय बदल २००४ मध्ये सापडला. तेव्हापासून गालातून घेतलेल्या नमुन्यावरही तो ओळखता येतो. मांजर दहा महिन्यांची झाल्यावर जाणकाराने केलेली सोनोग्राफीही बरीच खात्रीची असते. मेन कूनमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार येतो, त्याच्याशी जोडलेला एक बदल २००५ मध्ये कळला. आणि सध्या सगळ्यांना हवी असते ती स्कॉटिश फोल्ड. तिचे मिटलेले गोड कान म्हणजे कूर्चेचा आजार आहे. जो जनुक कान वाकवतो तोच सांधेही बिघडवतो. काही मांजरी कमी वयातच लंगडतात, शेपूट आखडते. माझ्या मते दुमडलेल्या कानांची मांजर कोणत्याच वयात ब्रीडिंगसाठी तयार होत नाही.

रक्तगटाचं तर कुणाच्या गावीही नसतं. मांजरींत मुख्य गट दोन, ए आणि बी. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिपिंडं आपोआप तयार होतात. तिचा बोका ए गटाचा असेल तर पिल्लं ए गटाची होऊ शकतात. पिल्लं धडधाकट जन्मतात, पहिलं दूध ओढतात, आणि त्या दुधातून आलेली प्रतिपिंडं त्यांच्याच रक्तपेशी फोडतात. लघवी गडद लालसर होते, पिल्लू मलूल पडतं, एक-दोन दिवसांत जातं. एकामागोमाग एक पिल्लं गेली की घरात नजर लागल्याची, थंडी बाधल्याची चर्चा होते. ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स, पर्शियन या जातींत बी गट देशी मांजरांपेक्षा बराच जास्त आढळतो. जोडी ठरवण्याआधी रक्ताचे दोन थेंब तपासले तर हे टळतं. त्याच वेळी मांजरींचा ल्युकेमिया आणि एफआयव्ही या दोन विषाणूंची तपासणी दोघांची करून घ्यावी. लसीही आधीच पूर्ण कराव्यात: पॅनल्युकोपेनियाची जिवंत विषाणूंची लस गाभण मांजरीला दिली, तर पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटू शकते आणि ती आयुष्यभर झोकांड्या खात चालतात.

बोक्याची तपासणी सोपी. वय साधारण वर्षाचं, दोन्ही अंडी खाली उतरलेली. एकच उतरलेलं असेल, तर तो बोका कितीही देखणा असला तरी वापरू नये. तो दोष पुढच्या पिढीत जातो.

‘एकदा तरी विऊ दे, आईपण मिळू दे, मग ऑपरेशन करू’ हे वाक्य प्रेमातून येतं, म्हणून ते खोडताना मला जड जातं. पण मांजरीच्या तब्येतीला एका वेताने काहीच मिळत नाही. मांजरींच्या स्तनांतल्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या निघतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. पिल्लं झाली होती की नाही, याने काहीही फरक पडला नव्हता. माज थांबवायला मेडिकलमधून आणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या तर याहून वाईट. त्यांनी गर्भाशयात पू होतो, स्तन सुजतात, मधुमेहही होऊ शकतो.

सगळं तपासून, ठरवून वेत घेतलंच, तर पुढची सावधगिरी तिथूनच सुरू होते. ‘अजून पाजतेय, लगेच राहणार नाही’ हा भरवसा खोटा आहे. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही काही मांजरी पुन्हा माजावर येतात. एफआयएफई या आंतरराष्ट्रीय मांजर-संघटनेच्या नियमांत २४ महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेतं विनापरवानगी घेता येत नाहीत. मला तीही जास्तच वाटतात. मांजर पाजत असताना बोका वेगळ्या घरात असावा, वेगळ्या खोलीत ठेवून भागत नाही. खोलीचं दार कुणीतरी उघडतंच.

आणि पिल्लं नकोत असं ठरलं, तर पुढच्या माजाची वाट पाहू नये. माजात गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून काही डॉक्टर तो ओसरेपर्यंत थांबायला सांगतात. पुढचा माज दोन-तीन आठवड्यांत येतो, त्यामुळे मधली तारीख त्याच दिवशी पक्की करून यावी. तोवर बाल्कनीला जाळी आणि रात्री खिडकीची कडी.