पाळीआधीचा आठवडा: तंजावरच्या गावांतले समज आणि वस्तुस्थिती

तिरुवैयारु, पापनाशम, ओरत्तनाडु. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या या तालुक्यांत पाळी आलेली बाई अजूनही अनेक घरांत स्वयंपाकघरापासून आणि देवघरापासून लांब बसते. त्यामुळे तिची तारीख घरादाराला ठाऊक असते. तारखेच्या आधीच्या आठवड्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, आणि पीएमडीडी, म्हणजे पाळीपूर्व तीव्र मनोविकार असलेल्या बाईचं सगळं दुखणं त्याच आठवड्यात असतं.

‘हे तर सगळ्याच बायकांना होतं.’ नाही होत. अंग जडावणं, थोडी चिडचिड पुष्कळजणींना होते. पीएमडीडी मात्र पाळी येणाऱ्या शंभर जणींमागे साधारण दोन ते पाच जणींना असतो. त्यात टोकाची निराशा येते, संताप आवरत नाही, जीव नकोसा होतो, कामाला हात लागत नाही. लावणीच्या हंगामात रोजगार बुडतो आणि वर आळशी म्हणून बोलणी बसतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली या विकाराची नैराश्याच्या आजारांत नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आता तो आहे.

‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ हा समज सगळ्यात चिवट आहे, कारण तो खरा ठरल्यासारखा दिसतो. बाई बिघडली की घरचे अंगारा लावतात, मांत्रिकाकडे नेतात, ताईत बांधतात. दोन-चार दिवसांत पाळी येते आणि बाई शांत होते. श्रेय ताइताला जातं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं की ताईत कमी पडला असं ठरतं, आणि खर्च वाढतो. तिरुचिरापल्लीजवळच्या गुणसीलमच्या देवळात मानसिक त्रास असलेल्या माणसांना ४८ दिवस ठेवण्याची प्रथा आहे. श्रद्धेला हात लावण्याचं कारणच नाही. पण ४८ दिवसांत एखादा तरी वाईट आठवडा येऊन जातो. तो नेमका कोणत्या तारखांना आला, एवढं सोबतच्या माणसाने लिहून ठेवावं.

‘रक्त तपासलं, हार्मोन्स ठीक आहेत, म्हणजे नाटक आहे.’ हा सुशिक्षितांचा गैरसमज. या आजारात हार्मोन्सचं प्रमाण सहसा ठीकच असतं. बिघाड असतो तो त्यांच्या चढउताराला मेंदू देत असलेल्या प्रतिसादात. १९९८ साली पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाने बीजकोशांचं काम थांबवलं, तेव्हा तीव्र त्रास असलेल्या अनेक बायकांना आराम पडला. पुन्हा हार्मोन्स दिल्यावर त्रास परतला. असा त्रास कधीच नसलेल्या बायकांना तेच हार्मोन्स दिले, तर त्यांना काहीच झालं नाही.

म्हणून निदान रक्तात नाही, तारखांत सापडतं. रोज रात्री एक ते सहा असा आकडा लिहायचा: एक म्हणजे त्रास नाही, सहा म्हणजे असह्य. राग, रडू, झोप, काम यांसाठी वेगवेगळा आकडा. पाळी आली त्या दिवसाभोवती गोल. असे सलग दोन महिने. तमिळ घरांत भिंतीवर असतं ते रोज पान फाडायचं कॅलेंडर इथे कुचकामी, पानाबरोबर नोंदही जाते. शाळेची वही घ्यावी. पाळीआधी आकडे चढले आणि पाळी संपल्यावरच्या आठवड्यात एकावर आले, तर संशय पीएमडीडीचा. महिनाभर चढेच राहिले, तर आजार दुसरा असू शकतो आणि त्यालाही उपचार हवेत. ही वही घेऊन तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात गेलं, तर डॉक्टरांचं अर्धं काम झालेलं असतं.

‘लग्न झालं, मूल झालं की जातं.’ गरोदरपणात पाळी थांबते म्हणून त्रास थांबतो. पाळी सुरू झाली की तो परत येऊ शकतो.

‘मनाच्या गोळ्या जन्मभर चिकटतात.’ फ्लुओक्सेटिनसारखी औषधं इथे अनेकदा काही दिवसांतच लागू पडतात आणि काही जणींना फक्त पाळीआधीचे चौदा दिवस घेऊन पुरतात. त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. पण सुरू करणं आणि बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. काहींना ठरावीक गर्भनिरोधक गोळ्या किंवा समुपदेशन उपयोगी पडतं.

‘पिशवी काढली की सुटका’ यावर मात्र मला जोर देऊन लिहायचं आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे २०१९ साली महाराष्ट्राने पाहिलं. पीएमडीडीची दोरी गर्भाशयाच्या नव्हे, बीजकोशांच्या हातात असते. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते, चक्र चालूच राहतं, आणि तारीख ओळखायची खूणही हातची जाते.

पाळीआधीच्या या आठवड्यात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, आणि शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाची बाटली हाताशी असते. ती कुलपात ठेवावी, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. ‘मरावंसं वाटतंय का?’ असं स्पष्ट विचारावं, विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि सहसा तिच्यावर खटला चालत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो, तमिळमध्येही आणि मराठीतही.