इन्व्हर्टरचा आराखडा एक सांगतो, यादी दुसरेच

रेफरन्स डिझाइन
आपल्या चिपपासून इन्व्हर्टर कसा बनवायचा हे दाखवायला कंपन्या सर्किट, पार्ट्सची यादी, पीसीबीच्या फाइली, प्रोग्राम आणि पुस्तिका असा संच देतात. परभणीतला पॉलिटेक्निकचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी तोच उघडतो. गोम अशी, की सर्किट सुधारणारा एक आणि पुस्तिका लिहिणारा दुसरा. सर्किट तिसऱ्या आवृत्तीला पोचते, पुस्तिका पहिलीतच राहते.

व्होल्टेज
आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० आणि ६०. एकच डिझाइन दोन्हींसाठी दिले की आकडे मिसळतात. २३० व्होल्टच्या साइन लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसेल तर डीसी बस त्याहून वरच हवी. पुस्तिकेत बस ३८० व्होल्टची आणि यादीत तिच्यावरचा कपॅसिटर २५० व्होल्टचा, असे दिसले की यादीवर फुली मारा. तो कपॅसिटर फुटणार.

डेडटाइम
ब्रिजमधला वरचा मॉसफेट पुरता बंद होण्याआधी खालचा चालू झाला तर सरळ शॉर्ट. म्हणून मध्ये थोडी उसंत ठेवतात. ईजी८०१० या स्वस्त चिपमध्ये ती दोन पिनांवरून ठरते: ३०० किंवा ५०० नॅनोसेकंद, १ किंवा १.५ मायक्रोसेकंद. पुस्तिकेत १ असेल, पण जोडणी ३००ची असेल, तर मोठे मॉसफेट उडू शकतात आणि बोल लागतो ‘डुप्लिकेट माला’ला. पिना कुठे जोडल्यात ते पाहा. ऑसिलोस्कोप मिळाला तर मोजाच.

परभणीचा मे महिना
सर्किटवर १०५ अंशांचा कपॅसिटर, यादीत ८५चा. हा फरक किरकोळ वाटतो, पण इथे पारा बेचाळिशीपार जातो आणि बंद डब्यात कपॅसिटर ६५ अंशांवर सहज पोचतो. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम. दोन्हींची हमी २,००० तासांची धरली, तर ६५ अंशांवर ८५चा कपॅसिटर ८,००० तास टिकेल, म्हणजे सलग चालवला तर वर्षभरही नाही. १०५चा ३२,००० तास. यादी थंड खोलीत बसून केलेली असते.

खरे काय धरायचे?
आधी शुद्धिपत्र शोधा, मग प्रत्येक फाइलवरचा आवृत्ती क्रमांक पाहा. तयार बोर्ड हातात असेल तर त्यावरच्या तांब्याच्या रेषा मल्टिमीटरने तपासा. जोडणीपुरता कागदापेक्षा तोच पुरावा मोठा. बाकीचे आकडे चिपच्या डेटाशीटवरून स्वतः काढा. १२ व्होल्टचा बोर्ड पहिल्यांदा लोड न जोडता चालू करा आणि बॅटरीच्या वायरीत गाडीच्या हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर बॅटरी लगेच काढा.